फैजपूरच्या बांबूपासून राज्यघटनेच्या पानांपर्यंत : मास्टरमोशाय नंदलाल बोस आणि त्यांचे विद्यार्थी

डिसेंबर 1936. खानदेशातलं फैजपूर हे तेव्हा केळी-कापसाच्या शिवारातलं एक साधं गाव. काँग्रेसचं अधिवेशन पहिल्यांदाच शहर सोडून खेड्यात भरणार होतं. पंडित नेहरू अध्यक्ष, गांधीजी हजर, शंकरराव देव आणि धनाजी नाना चौधरी यांच्यासारखी मंडळी तयारीत गुंतलेली, साने गुरुजी गावोगाव फिरून लोकांना हाक देत होते. हजारो लोकांसाठी शेतात एक अख्खं नगर उभं करायचं होतं. टिळकनगर असं त्याचं नाव ठरलं. आणि हे नगर दिसायला कसं असावं, हे ठरवायला गांधीजींनी बोलावलं ते थेट बंगालमधल्या एका चित्रकाराला. त्यांचं नाव नंदलाल बोस.

नंदलालबाबू तेव्हा 54 वर्षांचे होते. शांतिनिकेतनच्या कलाभवनाचे प्रमुख म्हणून देशभर नाव झालेलं. पण मांडव घालणं, कमानी उभारणं हे आपलं काम नाही, आपण चित्रकार आहोत, अशी शंका त्यांच्या मनात होती आणि ती त्यांनी गांधीजींना सांगितलीही. गांधीजींना मात्र वास्तुशास्त्रातला पंडित नको होता. मनापासून काम करणारा, खेड्याकडे प्रेमाने बघणारा माणूस हवा होता. अट एकच : बाहेरून महागडं काही आणायचं नाही. गावात जे मिळतं त्यातूनच, गावातल्याच कारागिरांच्या हातून सगळं उभं राहिलं पाहिजे.

नंदलालबाबूंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी सार्वजनिक कामं अशीच झाली. कुणीतरी मोठी जबाबदारी टाकायचं, वेळ आणि पैसा कमी असायचा, आणि नंदलालबाबू आपले सहकारी, विद्यार्थी आणि तिथले कारागीर बरोबर घेऊन कामाला लागायचे. गंमत म्हणजे यातली बरीच कामं आपल्या मराठी माणसाच्या ओळखीच्या ठिकाणी झाली. अजिंठा, ग्वाल्हेर संस्थान, खानदेश, तापीकाठ, वडोदरा. तरीही आपल्याकडे नंदलाल बोस म्हटलं की राज्यघटनेची चित्रं काढणारे एवढंच आठवतं.

मुंगेरचा मुलगा

नंदलाल यांचा जन्म 3 डिसेंबर 1882 रोजी बिहारमधल्या मुंगेर जिल्ह्यातल्या खडगपूरचा. वडील पूर्णचंद्र दरभंगा संस्थानच्या नोकरीत होते. आई क्षेत्रमणी यांच्या हाताला चांगली कला होती. घराजवळचे कुंभार, मूर्तिकार काम करताना बघत बसणं हा या मुलाचा छंद. पुढे शिक्षणासाठी कलकत्त्याला पाठवलं, पण कॉलेजात मन रमेना. परीक्षेत नापास झाले, कॉलेज बदललं, तरी गाडी रुळावर येईना. 1903 मध्ये सुधीरादेवींशी लग्न झालेलं, त्यामुळे घरच्यांची काळजी वाढलेली. शेवटी 1905 मध्ये कलकत्त्याच्या सरकारी कलाशाळेत अवनींद्रनाथ टागोर यांच्या हाताखाली त्यांना प्रवेश मिळाला, आणि इथून पुढे मागे वळून बघायची वेळ आली नाही.

तो काळ वंगभंगाच्या चळवळीचा. विलायती पद्धतीची तैलचित्रं म्हणजेच कला, ही समजूत मोडायची होती. अवनींद्रनाथांच्या शिष्यांमध्ये नंदलाल लवकरच पुढे आले. पण खरी शाळा त्यांना भेटली ती आपल्या अजिंठ्यात.

अजिंठा आणि बाग

1909 च्या हिवाळ्यात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकार बाई अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करायला आल्या. अजिंठा त्यावेळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. भगिनी निवेदिता यांचा आग्रह होता की या कामात हिंदी तरुण चित्रकार असलेच पाहिजेत. त्यामुळे अवनींद्रनाथांनी आपले विद्यार्थी पाठवले. नंदलाल, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा. हैदराबादकडून सय्यद अहमद आणि मोहम्मद फजलुद्दीन हेही आले.

अंधाऱ्या लेण्यांत दिवसभर उभं राहायचं, भिंतीवरची एकेक रेषा डोळ्यांनी उचलायची आणि कागदावर उतरवायची. हे काम सोपं नव्हतं. पण तिथे नंदलाल यांना दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे चित्र हे दिवाणखान्यात टांगायच्या चौकटीपुरतं नसतं. ते भिंतीवर असतं, येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांसाठी असतं. दुसरी गोष्ट म्हणजे अजिंठ्याच्या भिंतींवर कुणा एकाची सही नाही. तिथे अनेक हात राबले आहेत, तरी चित्र एकाच मनातून उतरल्यासारखं दिसतं. हे कसं साधतं, हा प्रश्न त्यांना पुढे आयुष्यभर पुरला.

असंच दुसरं काम 1921 मध्ये आलं. आज मध्य प्रदेशच्या धार जिल्ह्यात असलेली बागची लेणी तेव्हा ग्वाल्हेरच्या शिंदे संस्थानात होती. तिथली भित्तिचित्रं झपाट्याने नाहीशी होत होती. संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते मो. बा. गर्दे. चित्रं पूर्ण जाण्याआधी त्यांच्या नकला करून ठेवाव्यात म्हणून चित्रकारांना बोलावण्यात आलं. शांतिनिकेतनकडून नंदलाल, असितकुमार हालदार आणि सुरेंद्रनाथ कर आले. बागच्या नकलांच्या कामात भोसले, आपटे, भांड, जगताप अशी मराठी आडनावंही नोंदलेली आहेत. बागच्या मूळ भिंतींवर आज फारच थोडं उरलंय. ग्वाल्हेरच्या गुजरी महाल संग्रहालयात ठेवलेल्या नकला बघितल्या की हे काम वेळेत झालं नसतं तर काय गेलं असतं, ते समजतं.

कलाभवन : वर्ग नव्हे, कारखाना

याच सुमारास रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनमध्ये कलाभवन सुरू केलं होतं. नंदलाल तिथे स्थिरावले, 1922 मध्ये प्रमुख झाले आणि 1951 पर्यंत त्या जागेवर राहिले. मुलं त्यांना मास्टरमोशाय म्हणायची. आपल्याकडे गुरुजी म्हणावं तसंच.

त्यांची शिकवायची तऱ्हा वेगळी होती. वर्गात पुतळे मांडून त्यांची हुबेहूब नक्कल करायला लावणं त्यांना पसंत नव्हतं. झाड बघा, बैल बघा, पाणी भरणारी बाई बघा, मग घरी येऊन आठवणीतून काढा, असा त्यांचा धडा. दरवर्षी मुलांना घेऊन ते सहलीला निघायचे. जिथे जाईल तिथून छोट्या कार्डांवर चित्रं काढून विद्यार्थ्यांना आणि स्नेह्यांना पोस्टाने पाठवायचे. अशी शेकडो कार्डं लोकांनी जपून ठेवली.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भिंती. शांतिनिकेतनच्या इमारतींच्या भिंती त्यांनी मुलांना मोकळ्या करून दिल्या. ओल्या गिलाव्यावर रंगवायची जयपुरी पद्धत शिकायची होती, तेव्हा जयपूरचे कारागीर नरसिंहलाल यांना बोलावून घेतलं आणि स्वतः मास्टरमोशायच मुलांबरोबर शिकायला उभे राहिले. श्रीनिकेतनला 1930 मध्ये नांगरणीच्या उत्सवाचं मोठं भित्तिचित्र झालं. विद्यार्थ्यांच्या राहण्यासाठी माती आणि डांबर वापरून काळं घर उभं राहिलं, त्याच्या बाहेरच्या भिंतींवर शिक्षक-विद्यार्थ्यांनी मिळून उठावाची शिल्पं केली. भारहूत, महाबलीपुरम, इजिप्त, जिथून जे आवडलं ते तिथे आलं. रामकिंकर बैज, बिनोदबिहारी मुखर्जी हे पुढे मोठे झालेले कलावंत याच मुशीतून निघाले.

आपल्या भागाचं नातं इथेही आहे. कोल्हापूरचे विनायक मासोजी कलाभवनाच्या सुरुवातीच्या काळात तिथे शिकायला गेले आणि पुढे तिथेच शिक्षक झाले. नंदलालबाबूंच्या अगदी जवळच्या माणसांमध्ये त्यांची गणना व्हायची.

अनेकांनी मिळून एक काम करायचं तर त्याची एक शिस्त लागते. नंदलालबाबूंची शिस्त अशी : कल्पना आणि मूळ रेखाटन एकाचं, मग ते सगळ्यांनी समजून घ्यायचं. ज्याचा हात ज्यात बसलाय ते काम त्याला द्यायचं. कुणी कडेची नक्षी करेल, कुणी रंग भरेल, कुणी शेवटची रेषा ओढेल. नवख्या मुलालाही रिकामं बसवायचं नाही, आणि तयार मुलाला नुसतं रंग घोटायला लावायचं नाही.

लखनौ, फैजपूर, हरिपुरा

एप्रिल 1936 च्या लखनौ काँग्रेसमध्ये गांधीजींच्या सांगण्यावरून नंदलालबाबूंनी सहकारी आणि विद्यार्थी घेऊन भारतीय कलेचं प्रदर्शन मांडलं. ते गांधीजींना आवडलं आणि म्हणूनच काही महिन्यांनी फैजपूरचं आवतण आलं.

फैजपूरला वास्तुरचनाकार म्हात्रे आणि नंदलालबाबू यांनी मिळून काम उचललं. बांबू, गवत, चटया, गावाकडच्या साध्या वस्तू यांतून कमानी आणि मांडव उभे राहिले. अध्यक्षांच्या मिरवणुकीसाठी रथ हवा होता. तो बाहेरून आणला नाही, खानदेशातल्या एका साध्या बैलगाडीलाच सजवून नंदलालबाबूंनी तिचा रथ केला आणि सहा बैलजोड्या त्याला जुंपल्या. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी या दोघांचं नाव घेऊन श्रेय दिलं. हे प्रदर्शन म्हणजे शहरी लोकांसाठी तमाशा नाही, खेड्यातल्या माणसाला त्याच्याच हातातलं सामर्थ्य दाखवणारी शाळा आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

फैजपूरचं जमलं म्हटल्यावर पुढच्या अधिवेशनालाही तीच जबाबदारी आली. फेब्रुवारी 1938, बारडोलीजवळचं हरिपुरा, तापीच्याच काठावरचं, पण गुजरातेतलं. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. विठ्ठलभाई पटेलांच्या नावाने विठ्ठलनगर वसवायचं होतं. काँग्रेसचं 51 वं अधिवेशन म्हणून 51 कमानी, आणि सुभाषबाबूंच्या रथाला 51 बैल.

इथे काम फैजपूरपेक्षा मोठं होतं. मांडव, कमानी, रस्ते, सगळीकडे लावायला चित्रं हवी होती, तीही उन्हात, धुळीत, लाखोंच्या गर्दीत लांबून दिसतील अशी. एका माणसाच्या हातून होणारं हे काम नव्हतंच. नंदलालबाबूंनी ऐंशीच्या आसपास मूळ चित्रं स्वतः केली. त्यांवरून सहकाऱ्यांनी आणि विद्यार्थ्यांनी आणखी चित्रं उतरवली. सगळी मिळून जवळजवळ 400 झाली.

साहित्य अगदी साधं. हातकागद, तो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, आणि मातीचे रंग. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, पांढरा, काळा. चित्राभोवती महिरपीसारखी कमान आणि आत एकच माणूस किंवा दोन माणसं. विषय कोणते? दळणारी बाई, ढोल वाजवणारा, सुतार, चांभार, कुस्ती खेळणारे पैलवान, शिकारी, बैलाला आवरणारा गडी, लेकराला घेतलेली आई, सूत कातणारी. देव नाहीत, राजे नाहीत, पुढारीही नाहीत. काँग्रेसच्या अधिवेशनाला आलेल्या शेतकऱ्याला कमानीवर स्वतःचंच चित्र दिसत होतं.

रेषा मात्र ढोबळ नव्हती. बंगालच्या पटचित्रांसारखी जोरकस, एका दमात ओढलेली. अशा रेषेचा मोठा फायदा म्हणजे ती शिकवता येते. बारीक छायाप्रकाशाचं चित्र दुसऱ्याच्या हाताने केलं की लगेच उघडं पडतं. पण स्पष्ट रेषा आणि सपाट रंग असले की दहा विद्यार्थ्यांच्या हातांतूनही चित्राचा जीव टिकतो. अजिंठ्याच्या भिंतीवर पडलेल्या प्रश्नाचं उत्तर नंदलालबाबूंना हरिपुऱ्यात असं मिळालं.

वडोद्याचं कीर्तिमंदिर

महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी आपल्या घराण्याच्या स्मृतीसाठी वडोद्यात कीर्तिमंदिर बांधलं. त्याच्या मधल्या दालनाच्या भिंती रंगवायचं काम नंदलालबाबूंकडे आलं. 1939 मध्ये सुरुवात झाली आणि 1946 पर्यंत टप्प्याटप्प्याने चार भिंती पूर्ण झाल्या. गंगावतरण, मीराबाईंचं जीवन, रवींद्रनाथांचं नटीर पूजा हे नाटक, आणि महाभारतातलं अभिमन्यूचं युद्ध. याही कामाला ते विद्यार्थी घेऊन यायचे.

यातली वर्षं बघा. सयाजीराव 1939 च्या फेब्रुवारीत गेले, रवींद्रनाथ 1941 मध्ये. बाहेर महायुद्ध, 1942 चं आंदोलन, 1943 चा बंगालचा भीषण दुष्काळ. अशा दिवसांत शांतिनिकेतनहून वडोद्याला येऊन हे लोक एकेक भिंत पुरी करत होते. वडोद्यातल्या मराठी कुटुंबांना कीर्तिमंदिर नवं नाही. पण गायकवाडांची छत्री म्हणून तिथे जाणाऱ्यांपैकी कितीजण मान वर करून या भिंती बघतात, हा प्रश्नच आहे.

घटनेची पानं

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेची हस्तलिखित प्रत सजवायची ठरली तेव्हा नंदलालबाबू 67 वर्षांचे होते. इंग्रजी मजकूर सुंदर अक्षरात लिहिला प्रेमबिहारी नारायण रायजादा यांनी, हिंदी प्रतीचं अक्षर वसंत कृष्ण वैद्य यांचं. पानं सजवायची जबाबदारी कलाभवनाची. पुन्हा एकदा मास्टरमोशायनी आपली माणसं गोळा केली. त्यात जबलपूरचे ब्योहार राममनोहर सिन्हा होते, राजस्थानचे कृपालसिंह शेखावत होते, नंदलालबाबूंच्या मुली गौरी आणि जमुना होत्या, आणि बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईचे तरुण विद्यार्थी दीनानाथ भार्गव होते.

चित्रांचा क्रम म्हणजे देशाचा इतिहासच. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरचा बैल, वैदिक आश्रम, रामायण, गीता, बुद्ध, महावीर, अशोक, नालंदा, अकबर, मग गांधीजींची दांडीयात्रा, नेताजी, आणि शेवटी हिमालय, वाळवंट, समुद्र. छत्रपती शिवाजी महाराज गुरू गोविंदसिंहांबरोबर निवडणुकांच्या भागावर आहेत. त्याच्या पुढच्याच भागावर झाशीची राणी लक्ष्मीबाई आणि टिपू सुलतान एकत्र.

दीनानाथ भार्गव यांच्या वाट्याला अशोकस्तंभाचे सिंह आले. दगडी सिंहाची नक्कल करून भागणार नाही, खरा सिंह कसा बसतो, कसा बघतो हे माहीत पाहिजे, म्हणून नंदलालबाबूंनी त्यांना कलकत्त्याच्या प्राणिसंग्रहालयात पाठवलं. तिथे पिंजऱ्यासमोर उभं राहून त्यांनी सिंह अभ्यासले. हे भार्गव पुढे इंदूरला स्थायिक झाले आणि 2016 च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. इंदूरच्या कितीतरी लोकांना आपल्या गावातल्या या माणसाची ओळख त्यांच्या म्हातारपणी झाली, काहींना तर ते गेल्यावर.

24 जानेवारी 1950 रोजी घटना सभेच्या सदस्यांनी त्या प्रतीवर सह्या केल्या. पुढे डेहराडूनला सर्व्हे ऑफ इंडियाच्या छापखान्यात तिच्या प्रती छापल्या गेल्या. मूळ प्रत संसदेच्या ग्रंथालयात हवाबंद पेटीत ठेवलेली आहे.

नाव कुणाचं?

अशा कामांत एक प्रश्न राहतोच. राबले अनेक, नाव झालं एकाचं. हरिपुऱ्याची चित्रं नंदलाल बोस यांची, घटनेची चित्रंही नंदलाल बोस यांचीच, असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. हरिपुऱ्यासाठी कागद चिकटवणाऱ्या, रंग घोटणाऱ्या, शेकडो प्रती उतरवणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांची नावं सामान्य वाचकापर्यंत कधी पोचलीच नाहीत.

पण याला दुसरी बाजूही आहे. घटनेच्या उद्देशिकेचं पान नीट बघितलं तर त्याच्या कडेच्या नक्षीत खाली राम अशी छोटी अक्षरं सापडतात. ती ब्योहार राममनोहर सिन्हा यांची सही. देशातल्या सगळ्यात महत्त्वाच्या पानावर गुरूची नव्हे, शिष्याची सही आहे. काम वाटून देताना मास्टरमोशाय सगळ्यात मोठं पान स्वतःकडे ठेवू शकले असते. त्यांनी ठेवलं नाही.

शिवाय ही माणसं पुढे काय झाली तेही बघायला हवं. सिन्हा जबलपूरला कलाशिक्षक झाले. कृपालसिंह शेखावत यांनी जयपूरच्या निळ्या मातीकामाला नवा जीव दिला. रामकिंकर आणि बिनोदबिहारी तर स्वतःच आधुनिक भारतीय कलेची मोठी नावं झाली. गुरूच्या सावलीत खुंटलेली ही झाडं नव्हती.

शेवटची वर्षं

1951 मध्ये नंदलालबाबू कलाभवनातून निवृत्त झाले. 1954 मध्ये पद्मविभूषण मिळालं. हात थकला तरी शाईची छोटी चित्रं चालूच होती. 16 एप्रिल 1966 रोजी वयाच्या 83 व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

फैजपूरचे बांबू अधिवेशन संपल्यावर उतरवले गेले. त्या कमानी मुळातच राहण्यासाठी केल्या नव्हत्या. हरिपुऱ्याची चित्रं मात्र बऱ्याच प्रमाणात वाचली, दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आज ती बघायला मिळतात. कीर्तिमंदिराच्या भिंती वडोद्यात आहेत, बागच्या नकला ग्वाल्हेरात.

शांतिनिकेतनमध्ये 1973 पासून दरवर्षी डिसेंबरच्या 1 आणि 2 तारखेला, मास्टरमोशायच्या वाढदिवसाच्या आदल्या दोन दिवशी, नंदन मेळा भरतो. कलाभवनातले विद्यार्थी आणि शिक्षक मिळून चित्रं, मातीची भांडी, छापील कार्डं, खेळणी असं काय काय तयार करतात आणि साध्या माणसाला परवडेल अशा किमतीत विकतात. जमलेले पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी वापरले जातात. कोणत्या वस्तूला कुणाचा हात लागलाय, हे तिथे सहसा कुणी विचारत नाही.